जीमॅटची तयारी: सोडवायचे प्रश्न आणि सोडून द्यायचे प्रश्न

समजा, दोन उमेदवारांनी जीमॅटचा, म्हणजे व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेचा, क्वांट (गणिताचा) विभाग दिला. दोघांनाही २१ प्रश्न आणि ४५ मिनिटे मिळाली आणि योगायोगाने दोघांचीही सात-सात उत्तरे चुकली. शाळा-महाविद्यालयातील परीक्षांच्या हिशेबाने दोघांना सारखेच गुण मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्यांच्या गुणांत चांगलेच अंतर पडू शकते आणि तरीही कोणावर अन्याय झालेला नसतो, कारण दोघांनी सोडवलेली प्रश्नपत्रिका मुळात एकच नव्हती. ही गोष्ट ऐकून माहीत असलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. तिच्यानुसार तयारीची पद्धत बदलणारे मात्र थोडे. बहुतेक जण ओळखीच्या मार्गाने जातात, म्हणजे एकेक प्रकरण संपवतात, शेकडो प्रश्न सोडवतात आणि मग सगळे येत असूनही गुण एका जागी का अडकले आहेत, या कोड्यात पडतात.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जदारांना एकाच मापाने मोजता यावे, या हेतूने १९५३ साली नऊ बिझनेस स्कूलनी एकत्र येऊन या परीक्षेचा पाया घातला. जीमॅट हे नाव तिला १९७६ मध्ये मिळाले, १९९७ मध्ये ती कागदावरून संगणकावर गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. आजची परीक्षा सव्वादोन तासांची आहे. क्वांटमध्ये २१, व्हर्बलमध्ये (इंग्रजी उतारे आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख आणि इतर माहितीवरून निष्कर्ष) २० प्रश्न असतात. प्रत्येक विभागाला ४५ मिनिटे मिळतात, विभागांचा क्रम उमेदवाराने स्वतः निवडायचा असतो आणि मध्ये हवी असल्यास दहा मिनिटांची सुट्टी घेता येते. प्रत्येक विभागाचे गुण ६० ते ९० या पट्टीवर दिले जातात, तिन्ही विभागांना सारखेच वजन असते आणि त्यांतून २०५ ते ८०५ या पट्टीवरील एकूण गुण तयार होतात.

नव्या पट्टीवरील एकूण गुणांचा शेवटचा अंक नेहमी ५ असतो, त्यामुळे गुण जुन्या पट्टीवरचे की नव्या, हे पाहताक्षणी कळते. जुन्या परीक्षेतील ७०० आणि नव्या परीक्षेतील ६४५ हे पर्सेंटाइलच्या, म्हणजे किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत याच्या, दृष्टीने साधारण एकाच उंचीवर येतात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या कोणी ‘सातशेच्या पुढे गेलेच पाहिजे’ असा सल्ला दिला, तर तो आजच्या भाषेत वळवून घ्यावा लागतो. अभ्यास-साहित्याचेही तसेच आहे. निबंध, व्हर्बलमधील वाक्यदुरुस्ती आणि क्वांटमधील भूमिती नव्या परीक्षेत नाहीत, पण जुन्या पुस्तकांत त्यांची जाडजूड प्रकरणे आहेत आणि ती पुस्तके अजून हातोहात फिरत असतात. त्यांतील उताऱ्यांचे आणि तर्काचे प्रश्न आजही उपयोगी आहेत. बाकीच्या पानांवर वेळ घालवू नये.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे प्रश्नपत्रिका प्रत्येकासाठी वेगळी का होते याकडे. डोळ्यांचा नंबर काढताना तपासनीस एक भिंग लावतो, ‘आता कसे दिसते’ असे विचारतो आणि उत्तरावरून पुढचे भिंग निवडतो. सगळी भिंगे लावून पाहण्याची गरज पडत नाही. जीमॅटचा संगणकही तसेच करतो. सुरुवातीला तो उमेदवाराची पातळी मध्यम धरून चालतो. उत्तर बरोबर आले की पातळीचा अंदाज थोडा वर सरकतो, चुकले की खाली येतो, आणि पुढचा प्रश्न त्या नव्या अंदाजाच्या आसपासच्या काठिण्याचा निवडला जातो. यामागचे कारण साधे आहे. फार सोप्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येणार हे ठरलेलेच असते आणि फार अवघड प्रश्नाचे चुकणार हेही ठरलेलेच. दोन्हींतून नवी माहिती मिळत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर येईल की नाही हे सांगता येत नाही, तोच प्रश्न सर्वाधिक सांगून जातो.

हे शक्य होते, कारण प्रश्नसंचातील प्रत्येक प्रश्नाची पारख आधीच झालेली असते. आधीच्या उमेदवारांनी तो कसा सोडवला यावरून तीन गोष्टी निश्चित केल्या जातात: तो किती अवघड आहे, तयारीचा उमेदवार आणि कच्चा उमेदवार यांच्यातील फरक तो किती स्पष्टपणे दाखवतो, आणि काहीही न कळता केवळ अंदाजाने त्याचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता किती आहे. संख्याशास्त्रात या विचारपद्धतीला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात. अशी पारख करण्यासाठीच चालू परीक्षेत गुण नसलेले काही नवे प्रश्नही मिसळलेले असतात आणि ते कोणते, हे उमेदवाराला कळत नाही.

यातून जे निष्पन्न होते ते नीट पचवावे लागते. पहिले म्हणजे, उत्तम गुण मिळवणाऱ्यांचेही प्रश्न चुकतात आणि बरेच चुकतात, कारण ते जितके वर जातात तितके अवघड प्रश्न त्यांच्यासमोर येतात. परीक्षा चालू असताना ‘आपल्याला काहीच जमत नाही’ असे वाटणे हा म्हणून वाईट कामगिरीचा पुरावा ठरत नाही. दुसरे, ‘आत्ताचा प्रश्न सोपा आला, म्हणजे मागचा चुकला असणार’ हा हिशेब निरर्थक आहे. तो प्रश्न गुण नसलेला असू शकतो, किंवा इतरांना अवघड गेलेला विषय आपल्याला सोपा वाटत असू शकतो. तिसरी गोष्ट गुणांवर सर्वाधिक परिणाम करते. सोपा प्रश्न चुकणे हे अवघड प्रश्न चुकण्यापेक्षा महागात पडते, कारण अवघड प्रश्नातील चूक यंत्राला अपेक्षितच असते, तर सोप्यातील चूक त्याला आपला अंदाज खाली आणायला लावते.

या पार्श्वभूमीवर ‘पहिले दहा प्रश्न जिंकले की परीक्षा जिंकली’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला तपासून पाहा. सुरुवातीच्या उत्तरांनी अंदाज जास्त हलतो हे खरे, पण नंतरच्या उत्तरांनी तो सुधारतही जातो. पहिल्या दहा प्रश्नांवर तीस मिनिटे घालवणाऱ्याला उरलेले अकरा प्रश्न पंधरा मिनिटांत उरकावे लागतात. मग घाईत सोपे प्रश्न चुकतात किंवा शेवटचे काही प्रश्न तसेच राहून जातात, आणि विभाग अपुरा राहिला तर त्याची वेगळी वजावट होते. रिकामे सोडण्यापेक्षा अंदाजाने का होईना, उत्तर नोंदवणे केव्हाही बरे.

वेळेचा हिशेब असा पडतो: क्वांटमध्ये एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटे ९ सेकंद, व्हर्बलमध्ये २ मिनिटांना थोडे कमी आणि डेटा इनसाइट्समध्ये सव्वादोन मिनिटे. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. अवघड असते ते त्यांच्याशी इमान राखणे. दीड मिनिट झाल्यावरही पुढची वाट दिसत नसेल, तर एखाद-दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतील एक निवडावा आणि पुढे जावे, हा नियम सांगायला सोपा आहे. पण त्या क्षणी मन म्हणते, ‘एवढे केले आहे, आता अर्धेच मिनिट लागेल.’ ते अर्धे मिनिट दोन मिनिटांचे होते आणि त्याची किंमत पुढे येणारा, हमखास जमला असता असा एखादा प्रश्न मोजतो. गुंतवलेला वेळ परत येत नसतो, हे व्यवस्थापनाच्या पहिल्याच वर्षात शिकवतात; प्रवेशपरीक्षा ते आधीच तपासून घेते, असे म्हटले तरी चालेल.

नव्या परीक्षेत प्रश्नाला खूण करून ठेवता येते. विभागातील सगळे प्रश्न संपल्यावर वेळ उरला असेल, तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर निर्णय लांबणीवर टाकू नयेत. खूण त्याच प्रश्नांना करावी ज्यांत नेमके काय तपासायचे आहे हे माहीत आहे, उदाहरणार्थ एखादा गुणाकार किंवा प्रश्नात वाचल्यासारखा वाटलेला ‘वगळता’ हा शब्द. ज्या प्रश्नात काहीच सुचले नव्हते, त्यात शेवटच्या दोन मिनिटांत काही सुचेल ही आशा सहसा फोल ठरते.

परीक्षा नेमके काय मोजते हे पाहण्यासाठी डेटा सफिशिअन्सी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत डीएस, हा प्रकार उत्तम आहे. पूर्वी तो क्वांटमध्ये होता, आता डेटा इनसाइट्समध्ये आहे. त्यात एक प्रश्न आणि दोन विधाने दिलेली असतात. उत्तर काढायचे नसते. दिलेली माहिती उत्तर काढायला पुरेशी आहे की नाही, एवढेच सांगायचे असते. पर्याय नेहमी तेच पाच असतात: केवळ पहिले विधान पुरेसे, केवळ दुसरे पुरेसे, दोन्ही मिळून पुरेशी, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे, किंवा दोन्ही मिळूनही अपुरी.

एक नमुना घेऊ. एका गाडीत काही पोती ७ किलोची आणि काही ११ किलोची आहेत आणि दोन्ही प्रकारांचे निदान एकेक पोते आहे. ७ किलोची पोती किती? पहिले विधान: सगळ्या पोत्यांचे एकूण वजन ७१ किलो आहे. दुसरे विधान: पोती एकूण ९ आहेत. बीजगणित बऱ्यापैकी येणारा विद्यार्थी लगेच म्हणेल की अज्ञात राशी दोन आहेत, म्हणून समीकरणेही दोन लागतील आणि उत्तर ‘दोन्ही मिळून पुरेशी’ हेच असणार. प्रश्न रचणाऱ्याने सापळा तिथेच लावलेला आहे. पोती अर्धी-पाव नसतात. संख्या पूर्णांकच असणार. ११ किलोचे एक पोते धरले तर ६० किलो उरतात आणि ६० ला ७ ने भाग जात नाही. दोन धरली तर ४९ उरतात, म्हणजे ७ किलोची सात पोती. तीन, चार, पाच किंवा सहा धरली तर अनुक्रमे ३८, २७, १६ आणि ५ उरतात. यांपैकी एकालाही ७ ने भाग जात नाही. शक्यता एकच राहते, म्हणून पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. दुसऱ्या विधानावरून ७ किलोची पोती एकपासून आठपर्यंत कितीही असू शकतात, म्हणजे ते एकटे पुरत नाही. बरोबर पर्याय पहिला.

या प्रश्नाला लागणारे गणित पाढ्यांपलीकडे जात नाही. चुकते ते अशासाठी की आपण सवयीचा नियम लावतो आणि तो या ठिकाणी लागू आहे का हे विचारत नाही. हा प्रश्न चुकल्यावर विद्यार्थ्याने ‘समीकरणे कच्ची आहेत’ असा निष्कर्ष काढला आणि समीकरणांची आणखी पन्नास उदाहरणे सोडवली, तर त्याचा पुढचा असा प्रश्नही तितक्याच खात्रीने चुकेल. त्याने नोंद करायला हवी ती अशी: ‘मोजायच्या वस्तू असतील तर आधी पूर्णांकांच्या शक्यता तपासायच्या.’

व्हर्बलमधील क्रिटिकल रीझनिंगलाही, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नांनाही, हेच लागू पडते. समजा, युक्तिवाद असा आहे: एका शहराने बसप्रवास मोफत केला, वर्षभरात बसचे प्रवासी ३० टक्क्यांनी वाढले, म्हणून रस्त्यांवरील खासगी गाड्या कमी झाल्या असणार. हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे, असा प्रश्न आहे. ‘बसची संख्या वाढवण्यात आली’, ‘प्रदूषण घटले’, ‘लोकांना मोफत सेवा आवडते’ असे पर्याय समोर असतात. सगळे विषयाला धरून आणि सगळे पटण्याजोगे. खरे गृहीतक त्यांच्यात दबून बसलेले असते: नव्या प्रवाशांपैकी निदान काही जण एरवी गाडी काढून निघाले असते. तपासण्याची रीत अशी की पर्याय उलटा करून पाहायचा. नवे प्रवासी सगळेच आधी पायी किंवा सायकलने जात असतील, तर प्रवासी वाढूनही गाड्या तेवढ्याच राहतील आणि निष्कर्षाचा पाया जाईल. ज्या पर्यायाला उलटे करताच युक्तिवाद ढासळतो, तोच हवा असतो. इंग्रजी उत्तम असलेले अनेक जण इथे अडखळतात, कारण ते वाक्य पटते का हे पाहतात. विचारलेले असते ते दुसरेच.

उताऱ्यांबाबत फार सांगण्यासारखे नाही. प्रत्येक परिच्छेद उताऱ्यात कोणते काम करतो हे मनात टिपत वाचावे, तपशिलासाठी नंतर परत जाता येते. डेटा इनसाइट्समधील तक्ते, आलेख आणि अनेक स्रोतांचे प्रश्न यांत एक नियम ध्यानात ठेवावा: एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असले आणि त्यांतील एक चुकला, तर अर्धे गुण मिळत नाहीत. त्यामुळे तीन भागांपैकी एकात अजिबात गती नसेल, तर उरलेल्या दोनांवर मिनिटे खर्चण्याआधी विचार करावा. पडद्यावरचे कॅल्क्युलेटर याच विभागात मिळते, क्वांटमध्ये नाही. म्हणून अपूर्णांक, टक्केवारी आणि वर्ग यांची तोंडी सवय ठेवण्याला पर्याय नाही.

तयारीची सुरुवात पुस्तकाने करू नये, पूर्ण लांबीच्या मॉकने, म्हणजे सराव परीक्षेने, करावी. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन संपूर्ण मॉक विनामूल्य मिळतात आणि त्यांची गुणपद्धती खऱ्या परीक्षेसारखीच आहे. पहिला मॉक काहीही न वाचता द्यावा. गुण पाहून मन खट्टू होईल, पण कुठे ज्ञान कमी आहे, कुठे वेळ कमी पडतो आणि कुठे घाई नडते, हे त्यातून वेगवेगळे दिसते. पुढच्या आठवड्यांचा आराखडा त्यावरच बेतायचा असतो. तिन्ही विभागांचे वजन सारखे असल्याने, आधीच बरे असलेल्या विभागात आणखी दोन गुण मिळवण्यापेक्षा कच्च्या विभागात पाच मिळवणे बहुधा स्वस्त पडते. माणसाचा ओढा मात्र उलट असतो: गणित आवडणारा गणितच करत बसतो. शिवाय विभागागणिक गुणांचा अर्थ बदलतो. व्हर्बलमधील ८५ चा पर्सेंटाइल क्वांटमधील ८५ पेक्षा वर असतो, हे नुसते आकडे शेजारी ठेवून कळत नाही.

यानंतर मूळ संकल्पनांची डागडुजी, आणि तिच्या बरोबरीनेच चुकांची वही. वहीत प्रश्न उतरवण्याची गरज नाही. आपण कोणता निर्णय घेतला, तो का घेतला आणि कोणत्या खुणेवरून तो चुकीचा आहे हे कळायला हवे होते, इतकेच लिहावे. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरेही त्यात आली पाहिजेत. ती चुकाच आहेत. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या पाटीवर पुन्हा सोडवावा. उत्तराचे स्पष्टीकरण वाचून ‘हे तर कळले’ असे वाटणे फसवे असते. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांच्या पुढे गेले. स्पष्टीकरणाच्या चित्रफिती एकामागून एक पाहण्यात तेच होते: समजते सगळे, आणि आठवड्याने हाती फारसे राहत नाही.

सराव करताना विषय मिसळलेले असावेत. टक्केवारीचे वीस प्रश्न सलग सोडवताना प्रश्न टक्केवारीचा आहे हे आधीच कळलेले असते. परीक्षेत तेच ओळखायचे असते. मॉक मात्र बेताने द्यावेत. दिवसाआड मॉक देणारे विद्यार्थी गुणांची चढउतार पाहत राहतात आणि चुका तशाच राहतात. एक मॉक दिल्यावर तो उलगडून पाहायला मॉकइतकाच, किंबहुना जास्त वेळ लागतो. त्यात केवळ चुकलेली उत्तरे पाहू नयेत. ज्या प्रश्नांना तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला ते, बरोबर आले असले तरी, वेगळे काढावेत आणि प्रत्येकासमोर लिहावे की तो कोणत्या क्षणी सोडायला हवा होता.

परीक्षा पुन्हा देता येते. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचे अंतर लागते, बारा महिन्यांत पाच प्रयत्न करता येतात आणि गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात. गुण पाहिल्यावर ते कुठे पाठवायचे हे उमेदवार ठरवतो, त्यामुळे एका वाईट दिवसाची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. तरीही सोळाव्या दिवशीच पुन्हा बसण्याची घाई करण्यात अर्थ नसतो. घरच्या मॉकमध्ये सातत्याने मिळणाऱ्या गुणांपेक्षा परीक्षेत बरेच कमी मिळाले असतील, तर लवकर पुन्हा देणे योग्य. मॉकमध्येही तेवढेच मिळत असतील, तर तारीख घेण्याआधी चुकांच्या वहीत वारंवार येणारे दोन-तीन निर्णय शोधून त्यांवर काम करावे. आणि ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे तिथल्या प्रवेशितांच्या सरासरीला आपले गुण पोचले असतील, तर तिसऱ्या प्रयत्नाचे तास अर्जातील निबंधांना आणि शिफारसपत्रांना देणे अधिक शहाणपणाचे ठरते.